हृदय, हातपाय आणि घराण्याचा वारसा: नाशिकच्या ज्येष्ठांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडको, पंचवटी, इंदिरानगर, नाशिकरोड, कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघात हृदयावर आमचं बोलणं झालं की भाषण संपल्यावर खरे प्रश्न सुरू होतात. कुणी रिपोर्टची पिशवी घेऊन येतं, कुणी मुलाने मोबाइलवर पाठवलेली जाहिरात दाखवतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. गोळ्या-औषधांत बदल मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

वडील पन्नाशीतच हार्ट अटॅकने गेले. माझंही तसंच होणार का?

तसंच होईल असं काही नाही. पण ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवण्यासारखीही नाही. वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर वैद्यकशास्त्र त्याला ‘कमी वयातला कौटुंबिक इतिहास’ मानतं. वडील ऐंशीव्या वर्षी अटॅकने गेले असतील तर त्याचं वजन बरंच कमी.

सर्वसाधारण हृदयविकारामागे एकच जनुक नसतं. शेकडो ठिकाणचे छोटे छोटे फरक मिळून धोका थोडा वर किंवा खाली जातो. नवव्या गुणसूत्रावरची अशी एक जागा २००७ मध्ये सापडली आणि त्यानंतर यादी वाढतच गेली. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आनुवंशिक धोका सर्वांत जास्त असलेल्यांतही ज्यांचं राहणीमान चांगलं होतं (धूम्रपान नाही, वजन आटोक्यात, नियमित व्यायाम, बरा आहार), त्यांचा हृदयविकाराचा धोका वाईट राहणीमानाच्या लोकांपेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी निघाला.

आणखी एक. तुमचं वय आज सत्तर असेल, तर वडिलांनी न पाहिलेली वर्षं तुम्ही पाहिली आहेत. या माहितीची जास्त गरज आहे ती तुमच्या चाळिशीतल्या मुलाला आणि मुलीला. दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो, हे अनेक देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या हृदयविकाराच्या अभ्यासात दिसलं होतं. त्यामुळे ‘साठीनंतर बघू’ हे मुलांच्या बाबतीत चालणार नाही.

हे आईकडून येतं की वडिलांकडून?

दोन्हींकडून. आपल्याकडे आडनावाच्या बाजूची माहिती सगळ्यांना असते आणि आजोळची कुणालाच नसते. मामा, मावशी, आईचे वडील यांच्याबद्दल मुद्दाम विचारा.

घरातल्या आजारांची माहिती कशी काढायची? जुनी माणसं तर ‘देवाज्ञा झाली’ एवढंच सांगतात.

या प्रश्नाला आम्ही सगळ्यांत जास्त वेळ देतो. कारण यासाठी पैसा लागत नाही आणि हे काम तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. आपल्या घरातल्या आत्याबाई किंवा थोरल्या काकू गेल्या, की त्यांच्यासोबत तीन पिढ्यांची माहिती जाते.

‘त्यांना हार्टचा त्रास होता का?’ असं विचारलं की ‘नाही बुवा’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी शेवटचे दिवस कसे गेले ते विचारा. धाप लागायची का? रात्री उशा रचून, नाहीतर बसून झोपायचे का? पायावर सूज असायची का, बोटाने दाबलं की खड्डा पडायचा का? शेवटची काही वर्षं शेतात जाणं का सोडलं, गुडघ्यामुळे की दमामुळे? अर्धांगवायू झाला होता का, आणि कितव्या वर्षी?

मग अचानक गेलेल्यांबद्दल विचारा. ‘विहिरीत पोहताना बुडाला, पट्टीचा पोहणारा होता.’ ‘पळता पळता पडला.’ ‘झोपेतच गेली, तिशीची होती.’ ‘मिरगी होती’ किंवा ‘बाहेरचं होतं, मधूनच बेशुद्ध पडायची.’ या गोष्टी घरोघर सांगितल्या जातात. त्यातल्या काहींमागे हृदयाच्या ठोक्याचा किंवा हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार असू शकतो. तरुण माणूस असा अचानक गेला असेल, तर जवळच्या नातेवाइकांचा ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेणं योग्यच.

जे कळेल ते एका कागदावर लिहा. वर आजी-आजोबा दोन्ही बाजूंचे, मध्ये आई-वडील, काका, आत्या, मामा, मावशी, खाली आपण भावंडं. प्रत्येकापुढे आजार आणि तो सुरू झाला ते वय. मृत्यूच्या वयापेक्षा आजार सुरू झाल्याचं वय महत्त्वाचं. तंबाखू, विडी, दारू होती का तेही लिहा, म्हणजे घराण्याचं काय आणि सवयीचं काय हे डॉक्टरांना वेगळं करता येतं. दिवाळीला किंवा एखाद्या लग्नात सगळे जमले की एका बैठकीत हे काम होतं.

आमचे अण्णा काडीसारखे बारीक, तूप-तेल बेताचं. तरी कोलेस्टेरॉल एवढं कसं?

कोलेस्टेरॉलचा मोठा भाग यकृतात तयार होतो आणि रक्तातून ते उचलण्याचं कामही मुख्यतः यकृतच करतं. हे उचलणारं यंत्र जन्मापासून अर्धवट चालत असेल तर ताटात काहीही असो, रक्तातलं एलडीएल (ज्याला ‘वाईट कोलेस्टेरॉल’ म्हणतात ते) चढंच राहतं. यकृताच्या पेशींवरच्या या यंत्राचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना १९८५ चं नोबेल मिळालं. या आजाराला कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. जगात साधारण अडीचशे माणसांत एकाला तो असतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

औषध सुरू नसताना एलडीएल १९० च्या वर असेल तर हा संशय घ्यावा. अंगावरही खुणा दिसतात. टाचेच्या वरची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी) दोन बोटांच्या चिमटीत धरून बघा. एरवी ती ताणलेल्या दोरीसारखी सपाट लागते. या आजारात ती जाड, गाठाळ लागते आणि बाजूने पाहिलं तर फुगीर दिसते. हाताच्या बोटांमागच्या अशाच शिरांवरही अशा गाठी येतात. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं म्हातारपणी अनेकांना दिसतं, त्याची काळजी नको. पण तेच पंचेचाळिशीच्या आत दिसलं तर तपासणी हवी.

आई-वडिलांपैकी एकाला हा दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून एक माणूस सापडला की त्याची भावंडं, मुलं आणि नातवंडं सगळ्यांचं कोलेस्टेरॉल तपासायचं. अण्णांच्या एका रिपोर्टमुळे नातवाचं हृदय वेळेत सांभाळता येईल, यासारखं समाधान नाही.

आमच्यात मामाच्या मुलीशी लग्नं होतात. त्याने फरक पडतो?

काही आजारांत पडतो. नात्यातल्या दोघांकडे एकच दोष असण्याची शक्यता वाढते आणि मुलाला तो दोन्हींकडून मिळू शकतो. वरच्या कोलेस्टेरॉलच्या आजारात असं झालं तर लहानपणीच हृदयविकार होऊ शकतो. झालेल्या लग्नाबद्दल अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. मुलांची लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्तचाचणी) वेळेत करा, एवढंच.

लिपोप्रोटीन-ए ही काय चाचणी आहे? ती नेहमीच्या पॅकेजमध्ये का नसते?

हा एलडीएलसारखाच एक कण आहे, पण त्याला आणखी एक प्रथिन चिकटलेलं असतं. त्याचं प्रमाण जवळजवळ पूर्णपणे जनुकांवर ठरतं. पथ्याने किंवा व्यायामाने ते फारसं हलत नाही. म्हणून लोकांना वाटतं, कमी करता येत नाही तर मोजायचं कशाला? आम्हाला हा विचार पटत नाही. ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. शिवाय उतारवयात हृदयाची महाधमनीची झडप कडक होऊन अरुंद होण्याशीही त्याचा संबंध आहे. ते जास्त निघालं तर डॉक्टर एलडीएल, रक्तदाब आणि साखरेवर अधिक कडक लक्ष ठेवतात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी असं म्हटलं आहे. एकदाच करायची असते, दर वर्षी नाही. पॅकेजमध्ये दिसत नसेल तर नाव घेऊन मागा.

भारतीयांच्या हृदयात काही वेगळा दोष असतो असं ऐकलं. खरं का?

सगळ्यांच्या नाही. ‘एमवायबीपीसी३’ नावाचं जनुक हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन बनवतं. त्यातला डीएनएच्या २५ अक्षरांचा एक तुकडा गळालेला असणं हे दक्षिण आशियाई लोकांत सुमारे ४ टक्क्यांमध्ये आढळतं. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेतल्या संशोधकांसह अनेकांनी केलेलं हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तरुणपणी याचा सहसा काही त्रास नसतो आणि मुलंही झालेली असतात, म्हणूनच हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. पुढे काहींचा हृदयाचा स्नायू कमजोर होतो. बऱ्याच जणांना आयुष्यभर काहीच होत नाही. त्यामुळे घाबरून सगळ्या कुटुंबाची जनुक-चाचणी करू नका. घरात हृदयाचा स्नायू जाड झाल्याचं किंवा हृदय मोठं झाल्याचं निदान कुणाला झालं असेल, तर मात्र इको करा आणि चाचणीबद्दल हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

हातापायांतली ताकदही घराण्यावरच असते का? आमच्या घरात सगळेच साठीनंतर गुडघे धरून बसतात.

काही अंशी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत मुठीच्या पकडीच्या ताकदीतला साधारण एक-तृतीयांश ते निम्म्याहून थोडा अधिक फरक जनुकांमुळे दिसतो. ‘एसीटीएन३’ या जनुकाची तर बरीच चर्चा होते. जगातल्या सुमारे १८ टक्के लोकांत त्याचं प्रथिन तयारच होत नाही. ते झटक्याच्या ताकदीला उपयोगी, पण नसलं तरी माणूस धडधाकट असतो.

व्यायामाने किती फायदा होईल यातही घराण्याचा हात आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ‘हेरिटेज’ अभ्यासात अनेक कुटुंबांकडून वीस आठवडे सारखाच व्यायाम करून घेतला. दमसास (न थकता श्रम करण्याची क्षमता) वाढण्याचं प्रमाण घराघरांत वेगळं निघालं आणि त्या फरकातला जवळपास निम्मा भाग कौटुंबिक होता. म्हणजे शेजारच्या काकांना तीन महिन्यांत जो फरक पडला तो तुम्हाला पडला नाही, तर तुम्ही आळशी ठरत नाही.

आपल्या नाशिकचेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ. २०१५ मध्ये दोघांनी मिळून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. लोक लगेच म्हणतात, रक्तातच आहे. असेलही. पण भावांना जनुकांसोबत एकच घर, एकच ताट आणि एकमेकांची सोबतही मिळालेली असते. तुमच्या घरात सगळेच साठीनंतर बसून राहत असतील, तर त्यात रक्त किती आणि घरची रीत किती हेही बघायला हवं.

ताकद कमी होतेय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

खुर्चीची चाचणी करा. बिनहाताची, पाठ टेकायची साधी खुर्ची भिंतीला लावून ठेवा. फरशीवर सरकणारी प्लास्टिकची नको. हात छातीवर घडी करायचे आणि न थांबता पाच वेळा पूर्ण उठून पूर्ण बसायचं. शेजारी कुणीतरी उभं राहील आणि मोबाइलवर वेळ लावेल. आशियाई देशांतल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवल्याप्रमाणे १२ सेकंद किंवा अधिक लागले तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची.

संघाच्या हॉलमध्ये ही चाचणी घेताना सेकंदांच्या आधीच बरंच दिसतं. आजी पदर खोचून बसतात, पहिल्या दोन वेळा झटकन उठतात. तिसऱ्या वेळी पाय खुर्चीखाली ओढले जातात, अंग पुढे झोकलं जातं. चौथ्या वेळी छातीवरचा हात नकळत सुटून गुडघ्यावर येतो आणि आजी म्हणतात, ‘हात लागला का? मला कळलंच नाही.’ हात लागला की तिथेच थांबवायचं. पाच पूर्ण झाले नाहीत, ही नोंदही तितकीच महत्त्वाची.

घरातल्या खुणा याच्याही आधी दिसतात. पंगतीत खाली बसायचं टाळणं, कीर्तनाला गेल्यावर खुर्ची शोधणं, पातेल्याचं घट्ट झाकण सुनेकडे देणं. मुठीची पकड तर हृदयाबद्दलही सांगते. १७ देशांत झालेल्या आणि भारताचाही समावेश असलेल्या ‘प्युअर’ अभ्यासात पकड दर ५ किलोने कमी असलेल्यांत मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला.

पाय लवकर थकतात. हे वय म्हणायचं की हृदय?

सपाट रस्त्यावर चालताना धाप, उताणं झोपल्यावर गुदमरणं, संध्याकाळी घोट्यावर सूज, काही दिवसांत अचानक वाढलेलं वजन, यातलं काहीही असेल तर वयावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा. चालताना पोटरीत गोळा येऊन थांबल्यावर बरं वाटत असेल तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. चढावर चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली तर झडपेचा आजार नाही ना, हे इकोवर बघतात.

पंचाहत्तरीत व्यायाम सुरू करून काय होणार?

फायदा होतो, आणि तो मोजून सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतल्या ‘लाइफ’ चाचणीत ७० ते ८९ वर्षांचे, बैठं आयुष्य असलेले १,६३५ जण होते. अर्ध्या लोकांना चालणं, पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. सरासरी २.६ वर्षांनी, ४०० मीटर चालता न येण्याची वेळ व्यायामाच्या गटात १८ टक्क्यांनी कमी आली. म्हणजे आमची व्याख्यानं ऐकून घरी बसण्यापेक्षा उठून चालणं चांगलं.

फक्त चालणं मात्र पुरत नाही. गोल्फ क्लब मैदानावर रोज फेऱ्या मारणारे कितीतरी जण पाच वेळा खुर्चीतून उठू शकत नाहीत, कारण मांडीच्या स्नायूंना चालण्यात तेवढं काम पडत नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस उठबस, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं हे हवं. जेवणात डाळ, उसळ, दही, ताक, अंडी, मासे यांतलं जे चालतं ते प्रत्येक वेळी हवं. वयस्कर माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. रात्री नुसता दूधभात खाऊन ती भरत नाहीत. किडनीचा आजार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचं.

नाशिकच्या थंडीत पहाटे फिरायला जावं का?

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात येतो ते दिवस जपा. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब चढतो. ऊन आल्यावर निघा, कानटोपी घाला, पहिली दहा मिनिटं सावकाश चाला.

कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिनच्या गोळीने पाय दुखतात. हेही जनुकांमुळे का?

क्वचित. ‘एसएलसीओ१बी१’ या जनुकातल्या फरकामुळे काहींच्या रक्तात ही औषधं जास्त साचतात आणि स्नायूंना त्रास होतो. सिमव्हास्टॅटिनबाबत हे स्पष्ट दिसलं आहे. पण खूपदा दुखण्याचं कारण थायरॉइड, ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा गुडघेच असतात. गोळी मनाने बंद करू नका. डोस कमी करून किंवा औषध बदलून बहुतेकांची सोय होते. स्टेंटनंतर दिली जाणारी रक्त पातळ करणारी गोळी क्लोपिडोग्रेल यकृतात जाऊनच कामाला लागते आणि काहींच्या शरीरात जनुकांमुळे ती नीट कामाला लागत नाही. हा प्रश्न फक्त तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांशी बोलण्याचा आहे.

मुलगा ऑनलाइन लाळेची चाचणी मागवतो म्हणतोय. करू का?

आमचं मत स्पष्ट आहे: आधी नको. अशा चाचण्या शेकडो जागांचे फरक मोजून एक गुण देतात. त्यामागची बरीचशी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेली असल्यामुळे आपल्याला तो गुण तितका अचूक लागू पडत नाही. भारतातल्या सुमारे १० हजार लोकांचे जीनोम (संपूर्ण जनुकसंच) वाचणाऱ्या जीनोमइंडिया प्रकल्पाची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, त्यामुळे हे चित्र सुधारेल. आज त्याच पैशांत लिपिड प्रोफाइल, लिपोप्रोटीन-ए, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ईसीजी आणि घरात ठेवायला रक्तदाबाचं मशीन आणा. घरात ठरावीक आजार दिसत असेल तर त्या आजाराची नेमकी जनुक-चाचणी डॉक्टरांच्या सल्ल्याने, आधी ज्याला आजार आहे त्याची करायची.

जनुकं जन्मात बदलत नाहीत ना?

आई-वडिलांकडून आलेली तशीच राहतात. पण रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये वयानुसार नवे बदल होतात. सत्तरीनंतर दहातल्या एकाहून अधिक जणांत बदललेल्या पेशींचा एक गट वाढलेला सापडतो आणि अशांना हृदयविकाराचा धोका जास्त असतो. त्यामागे शरीरातला दाह वाढणं हे एक कारण आहे. हा बदल मुलांकडे जात नाही. सध्या त्यासाठी वेगळं औषध घ्यायची गरज नाही.

आनुवंशिक आजार म्हणून विमा कंपनी पैसे नाकारेल का?

२०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात असंच एक प्रकरण आलं होतं, तेही हृदयाच्या स्नायूच्या आनुवंशिक आजाराचं, आणि निकाल रुग्णाच्या बाजूने लागला. तरीही पॉलिसीच्या अटी वाचा आणि फॉर्मवर माहिती खरी लिहा. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी असतं. कार्ड आधीच काढून ठेवा. शालिमारजवळच्या शासकीय संदर्भ सेवा रुग्णालयात हृदयरोग विभाग आहे.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

तीन पिढ्यांचा तो कागद, जुने लिपिडचे रिपोर्ट (औषध सुरू होण्याच्या आधीचा मिळाला तर सोन्याहून पिवळं), आत्ता चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, त्यात वैद्यांकडची आणि दुकानातून परस्पर आणलेलीही, आठवडाभराच्या रक्तदाबाच्या नोंदी आणि खुर्चीच्या चाचणीचे सेकंद. शक्य असेल तर मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या आणि त्याच भेटीत विचारा: ‘यांनी कुठली तपासणी कधी करायची?’